लाटण्याचा कप्पा

ओट्याखालची पहिली ट्रॉली उघडेना. दोन इंच पुढे यायची आणि खट्‌ करून थांबायची. आत झारा उभा राहिला होता आणि त्याचं डोकं वरच्या फळीला अडकलं होतं. ट्रॉल्या असलेल्या घरांना हे काही नवं नाही, आणि त्यावरची युक्तीही सगळ्यांची सारखीच: फटीतून फूटपट्टी सरकवायची, अंदाजानं ढोसत राहायचं, आणि झारा आडवा पडला की ट्रॉली धाडकन पोटावर येते.

त्या रविवारी ती माझ्या पोटावर आली तेव्हा वडील, म्हणजे अप्पा, शेजारी उभे होते. अप्पा भोसरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून ३४ वर्षांनी निवृत्त झाले. खिशात पेन नसेल, पण मापाची टेप असतेच. जेवणाच्या टेबलाशी सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सदाशिव पेठेत २२ वर्षं खानावळ चालवली, सकाळ-संध्याकाळ मिळून साठेक ताटं. आता एवढे दोन जाणकार एका स्वयंपाकघरात असल्यावर झारा नुसता सोडवून भागणार नव्हतं.

अप्पांनी ट्रॉलीतला पांढरा प्लास्टिकचा ट्रे उचलून उलटसुलट पाहिला.

"हा कुणी दिला?"

"ट्रॉल्यांबरोबरच आला."

"तुझ्याकडे काटे किती?"

"सहा. पाहुणे आले की काढते."

"आणि डाव, पळ्या, झारे, उलथणी?"

मोजली. चौदा निघाली. चिमटा, सांडशी, रवी, किसणी, सोलाणी, गाळणी वेगळीच.

"मग हा ट्रे काट्या-सुऱ्यांनी जेवणाऱ्यांचा आहे. चपट्या चमच्यांच्या मापाचा. आपला डाव म्हणजे एका टोकाला वाटी आणि मागे फूटभर दांडा. तो यात बसणार कसा? मग तो वर चढतो, आणि झाऱ्याला घेऊन उभा राहतो. विकत मिळणारं काही उपयोगाचं नाही. मी करून देतो. प्रत्येक वस्तूला तिचा कप्पा."

"अप्पा, प्रत्येक वस्तूला?" सासूबाईंनी मेथीवरून नजर न काढता विचारलं.

"प्रत्येक, विहीणबाई. आमच्या टूलरूममध्ये पाना जाग्यावर नसला तर मागे फळीवर त्याची रंगवलेली आकृती रिकामी दिसायची. कोण घेऊन गेलं ते लगेच कळायचं. जपानी लोकांचे पाच एस: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. सेइतोन म्हणजे जागच्या जागी."

"आणि पहिलं ते काय?"

"सेइरी. नको ते बाहेर काढायचं."

"हे आमच्याकडे दिवाळीच्या आधी व्हायचं. जपानी नाव नव्हतं एवढंच."

अप्पा हसले, पण टेप बाहेर आली होती. मोजताना त्यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून मी कागदावर आकडे लिहून घेतले. आतली रुंदी पुढे ५१४ मिलिमीटर, मध्ये ५१२, मागे ५११. तीन ठिकाणी का मोजायचं, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते शाळेत माझं प्रगतिपुस्तक पाहायचे तसं. चौकोन दिसतो तसा चौकोन नसतो, म्हणाले. त्यातलं सगळ्यांत लहान माप धरायचं, आणि त्यातूनही दोन्ही बाजूंना थोडं सोडायचं, नाहीतर पावसाळ्यात फुगलं की निघत नाही. सुतार सुतात बोलतात, आठ सुतांचा इंच. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. "करवतसुद्धा तेवढाच घास घेते," अप्पा म्हणाले. "चार काप मारलेस की सव्वा सेंटिमीटरच्या वर भुसा होऊन गेला. हिशेब भुशासकट करायचा."

मला हे सगळं ऐकायला आवडतं. सासूबाईंनाही आवडत होतं, असं मला वाटलं, कारण त्या अधूनमधून थांबून ऐकत होत्या. पण त्यांना पटत नव्हतं.

"अप्पा, रागावू नका, पण मुळात हा खणच चुकीचा आहे. खण म्हणजे अंधारी कोठडी. आमच्या खानावळीत भिंतीला मांडणी होती, तिच्याखाली खिळ्यांची पट्टी. उभ्या उभ्या सगळं दिसायचं. मुलगी नवीन कामाला आली तरी तिला सांगावं लागायचं नाही की किसणी कुठंय. दिसतेय ना, मग घे."

"आणि धूळ? तेलाचा चिकटा?"

"रोज वापरलेल्या वस्तूवर धूळ बसत नाही. बसली तर ती वस्तू रोजची नाही. आणि डाव तर मी टांगायचेसुद्धा नाही. आमटीचा डाव आमटीत, भाताचा भातात. डावाला दुसरं घर कशाला?"

"तुमची मांडणी खानावळीत शोभते. इथं हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही. सोफ्यावरच्या माणसाला झारे दिसणार."

"दिसू द्या की. सोफ्यावरचा माणूस जेवणारच आहे ना?"

यावर अप्पांकडे उत्तर नव्हतं, पण मुद्दा होता. त्यांनी ट्रॉलीतून दोन सुऱ्या काढल्या आणि उजेडात धरल्या. धारेवर बारीक दाते पडले होते. एका ढिगात पडलेल्या सुऱ्या एकमेकींवर आपटतात, ट्रॉली दिवसातून वीसदा उघडते-मिटते, आणि दर वेळी धार थोडी मोडते. वर अंधारात हात घालणाऱ्याची बोटं. "सुरीला तरी खाच पाहिजे," ते म्हणाले, "यावर वाद नको."

सासूबाईंनी यावर वाद घातला नाही. त्या विळीवर चिरतात. विळीचं पातं मिटतं.

'खण' हा शब्द त्यांनी वापरला तेव्हा मला गंमत वाटली. आता आपण ड्रॉवर म्हणतो, ट्रॉली म्हणतो, पण टेबलाचा खण होता, कपाटाचा खण होता. चोळीचा खण वेगळाच. आणि वाड्यांत खोलीचं मापच खणांत सांगायचे: दोन खणी, तीन खणी, दोन तुळयांमधलं अंतर तो एक खण. एकाच शब्दात माणूस राहायचा आणि चमचेही राहायचे. कप्पा त्या मानानं लहान शब्द आहे. त्यात कुणी राहत नाही, तिथं फक्त ठेवतात.

वाद मिटवावा म्हणून मी मधे तोंड घातलं. मी वाचलेलं सांगितलं: या ट्रॉल्यांची, या जोडीव ओट्यांची सगळ्यांची आजी म्हणजे फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर, १९२६ सालचं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. फ्रँकफर्ट शहरानं एर्न्स्ट माय या वास्तुकाराच्या देखरेखीखाली कामगारांसाठी वसाहती उभारल्या, आणि त्यांतलं स्वयंपाकघर आखलं मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या बाईंनी. साधारण सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातला चिंचोळा मुदपाकखाना हा त्यांचा एक नमुना होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. त्यात ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, मागे मूठ, पुढे चोच, म्हणजे खण ओढून काढायचा आणि तांदूळ थेट भांड्यात ओतायचा. प्रत्येकावर नाव: तांदूळ, साखर, वगैरे.

"आणि पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा," मी म्हणाले. "त्या लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे पिठात किडे होत नाहीत म्हणून."

अप्पांचा चेहरा उजळला. "बघा! याला म्हणतात विचार. पदार्थाप्रमाणे लाकूड!"

"आम्ही कडुनिंबाचा पाला घालतो," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं: "त्या बाई स्वयंपाक चांगला करायच्या का?"

मी जरा अडखळले. कारण खरं उत्तर असं आहे, की हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक केला नव्हता, हे त्या बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकलं होतं. जवळजवळ १०३ वर्षं जगल्या त्या, २००० साली गेल्या, आणि बोलायला भरपूर वेळ होता. आणि राहायला आलेल्या बायकांनी त्या नावं घातलेल्या खणांत आपापल्या सोयीनं भलतंच काहीबाही भरलं. शिवाय ते खण नेमके लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर होते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मेथीची एक जून काडी त्यांनी जरा जोरात मोडली.

"म्हणजे काय, आखूच नये?" अप्पा म्हणाले.

"आखा. पण कुणाला विचारून?"

"माझ्या मुलीला विचारतोय की."

"तिला काय विचारता? सकाळी चहा माझा मुलगा करतो, तो डावखुरा. गाळणं तुम्ही उजवीकडे ठेवाल. दिवाळीत सोऱ्या निघेल, तो पितळी, सव्वा किलोचा. गणपतीत मोदकपात्र. उद्या हिनं एखादं नवीन यंत्र आणलं तर ते कुठं जाणार? तुमचे कप्पे आजच्या वस्तूंचे आहेत. आणि आणखी एक सांगू? कप्पा केला की तो भरावासा वाटतो. सहा काटे आहेत, बारांचा कप्पा केलात तर आणखी सहा येतील."

हे शेवटचं माझ्या बाबतीत इतकं खरं होतं की मी उठून चहा ठेवला.

चहासाठी आलं किसायला घेतलं, किसणी सापडेना, आणि त्या शोधात मी मिसळणाचा डबा ओट्यावर काढून ठेवला. अप्पांनी त्याचं झाकण उघडलं. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या, धण्या-जिऱ्याची पूड. बाहेर गोल, आत सात गोल वाट्या.

"हा कप्पाच आहे की," ते सासूबाईंना म्हणाले, जरा खोड काढल्यासारखं. "हा चालतो तुम्हाला?"

"हा चालतो. का चालतो ते बघा." त्यांनी मधली वाटी उचलून बाहेर ठेवली. "वाटी चिकटवलेली नाही. निघते. धुता येते. माझ्या आईकडे मध्ये हळद असायची, माझ्याकडे मोहरी, हिच्याकडे तिखट. एका मापाचा डबा आणि घराघरांत वेगळा. कोकणातली माझी जाऊ तर एका वाटीत लवंगा-दालचिनी ठेवते. डबा करणाऱ्यानं त्यावर 'हळद' असं कोरलं असतं तर?"

अप्पा गप्प झाले. त्यांनी सातही वाट्या काढल्या, डबा रिकामा केला, पुन्हा लावल्या. वाटी आणि वाटीच्या मधे किती जागा सुटते ते बोटानं पाहिलं. त्यांना एखादी गोष्ट पटली की ते 'पटलं' म्हणत नाहीत, माप घेतात. वाटीचा व्यास मोजून झाला तेव्हा मला कळलं, की कप्प्यांची जाळी खणाला चिकटवायचा बेत बारगळला.

"म्हणजे खण तसाच ठेवायचा," ते हळूहळू म्हणाले, "आणि आत सुटी ताटं करायची. उचलता येतील अशी. खालचं पुसता येईल. झुरळांना फट राहणार नाही."

"आता कसं बोललात!"

"पण सुरीची खाच पक्की."

"सुरीची पक्की. मी कुठं नाही म्हणते?"

पुढचे पंधरा दिवस लाकडाला कुणी हात लावला नाही. सासूबाईंची अट होती. ट्रॉलीतलं सगळं त्यांनी एका टोपलीत भरलं, वस्तू ४१ निघाल्या, आणि सांगितलं की वापराल ती टोपलीतून उचला आणि वापरून झाली की ट्रॉलीत ठेवा. पंधरवड्यानं ट्रॉलीत १७ वस्तू होत्या. उरलेल्या २४ मधे अंड्याचे काप करायचं यंत्र, तीन बाटलीउघडणी आणि एका लग्नात मिळालेला चांदीच्या मुलाम्याचा केक कापायचा चाकू होता. टूलरूमच्या माणसाला हे जपानी सेइरीपेक्षा भारी वाटलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

अप्पांची अट होती पुठ्ठ्याची. मिठाईचे खोके कापून त्यांनी आधी पुठ्ठ्याचीच ताटं केली. एका पट्टीला वरून निम्म्यापर्यंत खाच, दुसरीला खालून निम्म्यापर्यंत, एकात एक अडकवल्या की जाळी उभी राहते. खिळा नाही, डिंक नाही. पहिल्या ताटात कप्पे दोन इंचांचे झाले. चमचा आत गेला, पण काढायला बोटं जाईनात. कप्पा वस्तूच्या मापाचा नसतो, बोटांच्या मापाचा असतो, हे अप्पांना तिथं कळलं. मग तीन इंच. पट्ट्यांची उंचीही त्यांनी अडीच इंचांवर आणली, म्हणजे डाव त्यावर रेलतो आणि वर उठत नाही. डाव एक इकडे तोंड करून, पुढचा तिकडे, असे ठेवले की सहाच्या जागेत नऊ मावतात. गाळणं डावीकडे.

आणि एक लांब कप्पा, पुढच्या बाजूला, पूर्ण रुंदीचा. त्यावर पेन्सिलनं लिहिलं होतं: लाटणं, ३८० मि.मी.

इथपर्यंत आम्ही तिघांनी एका बाईला काही विचारलं नव्हतं. आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात, सकाळी साडेसातला. त्यांची पाच घरं आहेत. या ओट्याशी रोज सगळ्यांत जास्त वेळ कोण उभं असतं, तर त्या. फ्रँकफर्टच्या बाईंना नावं ठेवून झाल्यावर मला हे सुचायला इतके दिवस लागले, हे लिहायला बरं वाटत नाही.

अप्पा मुद्दाम सकाळी आले. मावशींनी पुठ्ठ्याची ट्रॉली ओढून पाहिली, मिटली, परत ओढली.

"छान केलंय काका. पण लाटणं नको यात."

"का? अगदी मापात आहे."

मावशींनी दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत कणीक.

"या हातानं खण उघडू कसा? हँडलला कणीक लागते, वाळली की खरवडत बसा. मी ट्रॉली अशी मिटते," असं म्हणून त्यांनी कमरेनं ढकलून दाखवली, "आणि उघडायची तर पायाच्या अंगठ्यानं खालची उघडते, वरची नाही. दुसरं असं, की पीठ सांडतं ते त्या बाजूच्या पट्ट्यांत जातं. तेल आणि पीठ एकत्र झालं की ती सरकतच नाही. तिकडच्या बिल्डिंगीतल्या ताईंची तशीच झाली, दोनदा माणूस बोलवला."

अप्पांनी वाकून चॅनेल पाहिला. आत बारीक गोळ्यांच्या रांगेवर राखाडी लगदा होता. त्यांनी तो नखानं काढला, वास घेतला.

"मग लाटणं कुठं असावं?"

"ओट्यावर. पोळपाट भिंतीला टेकवून, त्याच्यामागे. पाचही घरांत मी तिथंच ठेवते. जाताना त्या त्या ताई आपापल्या जागी नेऊन ठेवतात, आणि मी सकाळी परत तिथं आणते."

सासूबाई खुदकन हसल्या. मीही त्या ताईंपैकी एक होते.

"आणि वरच्या ट्रॉलीत तुम्हाला काय हवं?" अप्पांनी विचारलं, कागद पुढे घेऊन.

"मला काय हवं असणार?" मावशी म्हणाल्या. "चिमटा आणि उलथणं हातापाशी असलं की झालं."

पुढच्या महिन्यात ताटं झाली. सहा मिलिमीटरची, पाण्याला टिकणारी प्लाय; अप्पांनी व्हर्नियरनं मोजली तर साडेपाचच भरली, म्हणून सगळ्या खाचा पुन्हा आखल्या. एमडीएफचं नाव काढू दिलं नाही, कारण ते एकदा पाणी प्यायलं की फुगतं आणि फुगलेलं बसत नाही. चपडा पॉलिश की लॅमिनेट, यावर सासूबाईंशी अर्धा तास वाद झाला. चपड्यावर ओलं भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो, असं त्या म्हणाल्या, लॅमिनेट लागलं. चिमटा आणि उलथणं यांच्यासाठी अप्पांनी शेगडीच्या बाजूला भिंतीवर खिळ्यांची पट्टी मारली. सोफ्यावरून ती स्पष्ट दिसते. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

आणि एवढं सगळं होऊन अप्पांनी तो लांब कप्पा केलाच. वापरायचा नसला तरी मापात आलेला काढून टाकवेना, म्हणाले. दिवाळीपर्यंत तो रिकामाच राहील असं मला वाटलं होतं.

परवा सकाळी ते अचानक आले. मावशी पोळ्या लाटत होत्या. अप्पांनी सवयीनं वरची ट्रॉली ओढली. ती लोण्यासारखी आली. लांब कप्प्यात मावशींचा मोबाइल होता, त्याशेजारी चष्मा, रुमालात गुंडाळलेल्या दोन बांगड्या, आणि पाच किल्ल्यांचा जुडगा.

मावशींनी लाटणं खाली ठेवलं. "काढते काका. ओट्यावर ठेवला की पीठ उडतं मोबाइलवर, म्हणून..."

"राहू द्या, राहू द्या." अप्पांनी खिशातून टेप काढली होती. चष्म्याजवळ धरून ते जरा थांबले. "हा तुम्ही मिटून ठेवता, की काड्या उघड्या?"